सुया आणि घट्ट पेज

मुलांनो, चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, आमच्या दारी सायकलवर रेशमी कापडाचा गठ्ठा बांधून एक चिनी फेरीवाला येई. नाव आम्ही कधी विचारलं नाही. गठ्ठा सोडण्याआधी तो हात धुऊन कोरडे करी.

एका वर्षी तुमच्या पणजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला. घोटभर पाणीही ठसका लागून बाहेर येई. उपासानेच जातील, अशी भीती होती. फेरीवाल्याने ते पाहिलं, कापड बाजूला ठेवलं आणि डबीतून केसासारख्या बारीक सुया काढल्या.

“यायले काऊन टोचून राह्यला, भाऊ?” सासूबाई ओरडल्या.

“गळा झोपला, बाई. उठवतो,” तो आमच्याच बोलीत म्हणाला.

मानेत सुया लावून झाल्यावर त्याने तांदळाची पेज मागितली. मी पातळ पेज नेली, तर ती परत पाठवली.

“पातळ पळते. घट्ट आन.”

मग पणजोबांची हनुवटी खाली करून त्याने एक चमचा भरवला. ठसका लागला नाही. दुसराही चमचा उतरला.

शाळेत आम्हाला एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला शिकवलं होतं. मी विचारलं, “हे सुयांनी झालं, की घट्ट पेजेनं?”

सुया पुसत तो म्हणाला, “माह्या बापाले असंच झालं होतं, बाई. दोन्ही केलं. एकेक करून पाहाले वेळ कुठी होता?”