सापाची गादी

शिंपीणबाईंचा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर, त्यात सापाला किडे झाले. मग काय, माप द्यायला येणाऱ्या बायकासुद्धा सोबतीला कुणीतरी घेऊनच दुकानाची पायरी चढू लागल्या.

साप बाईंच्या मुलाचा. बिनविषारी, हौसेनं पाळलेला. मुलगा गेल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि शिलाई मशीनशेजारी सापाची काचेची पेटी तेवढी राहिली. "स्वतः सुटला आणि हे ध्यान माझ्या गळ्यात बांधून गेला," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. पण सापाच्या खाण्यात कधी खंड पडू द्यायच्या नाहीत.

किडे कसले, काळे ठिपकेच ते. डोळ्यांच्या कडेला, खवल्यांखाली बसून रक्त पिणारे. सापानं खाणं सोडलं, दिवसभर पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, पेटीतलं सगळं उकळा, नाहीतर साप हातचा जाईल. बाईंनी पेटी खसाखसा घासली, भांडं उकळलं, आतलं लाकूड फेकून दिलं. थोड्याच दिवसांत किडे पुन्हा हजर. बाईंनी डॉक्टरांचा उद्धार केला, औषधवाल्याचा केला, कारण नसताना समोरच्या इस्त्रीवाल्याचाही केला.

त्यात दीर आले. "वहिनी, झुरळांचा फवारा मारू का? एका दमात साफ होतील."

"आणि साप? तो काय फवारा पिऊन जगेल? तुमच्याच तोंडावर मारते फवारा, भावोजी!"

दीर बिचारे पेटीत डोकावले. "मग ही गादी उकळलीत का?"

सापाला कुणी गादी शिवतं का? शिंपीणच शिवणार! मुलाचे दोन न धुतलेले शर्ट जोडून, कापूस भरून, दाट टाके घालून बाईंनी ती केली होती.

"झटकते मी रोज."

"झटकून काय होतंय?"

"ती पाण्यात घालायची नाही!" बाई किंचाळल्या. "त्याचा वास आहे तिला."

दीर निघून गेले. बाईंनी धुसफुसत ब्लेड घेतलं आणि गादीची एक शिवण उसवली. आत किडे नुसते बुजबुजले होते, रक्त पिऊन फुगलेले. आपल्याच हातच्या टाक्यांत त्यांना इतके दिवस घर मिळालं होतं हे बघून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी गॅसवर मोठं पातेलं चढवलं. पाणी खदखदल्यावर किडेबिडे न बघता गादी तोंडावर दाबून धरली. सापाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता. मुलाचा वास कधी उडून गेला, ते त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

"मेल्या, हेल्मेट घाल म्हणून ओरडत होते ना मी!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की समोरचा इस्त्रीवाला धावत दारात आला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी गादी पाण्यात टाकली, उलथन्यानं खाली दाबली, आणि ती फुगून वर आली की पुन्हा दाबली.