अंगठा सुमनचा नव्हता

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणाच्याच कानावर गेलेली नाही. बायकोच्या नाही, मुलीच्या नाही. देवाला सांगायचा प्रश्न नव्हता. आमचं येणंजाणं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुमचा-माझा काही संबंध नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी अजून छाती होत नाही.

मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. एक खोली, चार कपाटं आणि गळणारा कोपरा. आयुष्यात एक तास शिकवला नाही, तरी गाव मला ‘सर’ म्हणायचं आणि मी म्हणू द्यायचो. आमच्याकडं बोअरला पाणी लागलं तर सत्कार होतो, नाही लागलं तर प्रयत्नांचा सत्कार होतो. या सगळ्या शाल-नारळाची मी मागच्या खुर्चीत बसून मनसोक्त टवाळी केली. माझी गंमत अशी होती, की आपण या लोकांपेक्षा निराळे आहोत असं मला मनापासून वाटायचं. निराळा होतो का मी? ते पुढं कळेलच.

आधी एक पद्धत सांगतो. तालुक्याला रजिस्ट्री ऑफिसात जमिनीचा दस्त करायचा, तर सही करणारा माणूस खरंच तोच आहे, हे सांगायला दोन माणसं लागतात. तेव्हा आधार कार्ड नव्हतं; माणसाला माणूसच ओळख द्यायचा. आमच्याकडं हे काम शेजारधर्मासारखं चालायचं. चहाच्या टपरीवरून कुणीतरी हाक मारायचं, “सर, जरा ओळख द्यायला चला,” की उठायचं, सही करायची, भजी खायची आणि एसटीनं परत यायचं. मी अशा किती सह्या केल्या असतील? मोजल्या नाहीत. बहुतेक खऱ्या होत्या.

एक खोटी होती.

दत्तू माझा मित्र. रोज संध्याकाळी वाचनालयात पेपर वाचायला यायचा, म्हणजे पेपर समोर धरून गप्पा मारायला. सुमन त्याची धाकटी बहीण. लग्नाआधी दर शनिवारी पुस्तक बदलायला यायची. दोन पुस्तकं न्यायची, कारण एक रविवारीच संपायचं. गावात तिच्याइतकं कुणी वाचलेलं नाही — मीही नाही, हे आज म्हणायला हरकत नाही. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहून सही करायची, वळणदार, जराही घाई नाही. पुढं तिला जवळच्याच वाशी गावात दिली. दहा वर्षांत नवरा गेला. दिरांनी घराबाहेर काढलं नाही, पण चूल वेगळी करून पडवीत दिली.

दत्तूचे वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. चार एकर, त्यातले दोन सुमनचे. आमच्याकडं बहिणी साडीचोळी घेऊन हक्कसोड करून देतात, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून देतात, आणि सगळे म्हणतात, किती गुणाची पोर. सुमननं नाही म्हटलं. तिला त्या दोन एकरांत विहिरीजवळ दोन खोल्या बांधून राहायचं होतं, स्वतःच्या दारात. एवढंच.

आणि मग एका मंगळवारी सुमनच्या नावानं हक्कसोडीचा दस्त करायला दत्तूबरोबर मी तालुक्याला गेलो. दुसरा ओळख देणारा दत्तूचा चुलतभाऊ होता. कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीवर डोक्यावरून पदर घेऊन एक बाई बसली होती. ती दत्तूची मेहुणी होती. मी तिच्या लग्नात जेवलो होतो. कारकुनानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं, ती अडखळली. दत्तू पटकन म्हणाला, “लाजती ओ ती. मालकाचं नाव घ्यायची सवय न्हाय तिला.” कारकून हसला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“सर, या सुमनबाईच ना?”

मी “हो” म्हणालो.

“मग झालं. सर असल्यावर काय बघायचं,” असं म्हणून त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. मेहुणीनं अंगठा उठवला. ‘सदर इसमास आम्ही व्यक्तिशः ओळखतो’ — त्या ओळीखाली मी सही केली. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणतात.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की ऐनवेळी भीड पडली, मित्राला चार माणसांत खोटं कसं पाडायचं? ऐकायला बरं वाटतं, नाही? भिडस्त माणसावर कुणी फार रागवत नाही. पण ते खरं नाही. मी तिथं काही कळून चकित झालो नव्हतो. मला आदल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी दत्तू वाचनालयात आला तो पेपर न उघडताच बसला. म्हणाला, “सर, बाईचं जमलंय. पण ती लिवायला बसली की घोळ व्हतोय. लई गिरवून घेतलं, सुमनची सही काय येईना तिला.”

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी पुस्तकाला कव्हर घालत होतो. मान वर न करता म्हणालो, “मग अंगठा घ्या की. अंगठ्याला कुठं शुद्धलेखन असतं?”

दत्तू आधी हसला. मग हसायचा थांबला. माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “सर, तुमच्या डोक्याला तोड न्हाय बगा.”

मला बरं वाटलं. आपली कोटी जमली याचं बरं वाटलं. ज्या बाईनं माझं अख्खं वाचनालय वाचून काढलं, तिला मी एका वाक्यात निरक्षर करून टाकलं होतं, आणि मला समाधान वाटत होतं.

वर्षभरानं सुमन आली. हातात दस्ताची नक्कल होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

“सर, वकील म्हणतोय ठसा तपासला की खोटं उघडं पडतंय. पण मग फौजदारी होती. दादा आत जाईल, वहिनीची बहीण जाईल, तुमी जाल. मला ते नको. तुमी दादाला नुसतं सांगा, की सुमनला समदं कळलंय, तिचे दोन एकर तिला परत लिवून दे. तुमचं ऐकतोय तो.”

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “मला नीट आठवत नाही गं. इतक्या जणांना ओळख दिलीय.”

तिनं ऐकून घेतलं. कागदाची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “अंगठा कुणी सुचवला असंल ओ, सर? दादाचं एवढं डोकं चालत न्हाय.”

मी म्हणालो, “मला काय माहीत.”

ती कपाटांकडं एकदा बघून निघून गेली. तिनं केस केली नाही. माझ्या वाचनालयातही परत कधी आली नाही.

मग मी कायद्याचं पुस्तक काढून वाचलं. सवय जात नाही. गुन्ह्याला मदत करणं, चिथावणी देणं, वाट दाखवणं, या सगळ्याला तिथं एक भारदस्त शब्द आहे — अपप्रेरणा. मी त्यात पळवाट शोधत होतो. दस्ताच्या कायद्यात तर खोटं बोलणारा आणि त्याला मदत करणारा एकाच कलमात, एकाच शिक्षेला शेजारी बसलेले निघाले. मी दोन्ही होतो. पुस्तक जागेवर ठेवलं.

माझ्या निवृत्तीला गावानं सत्कार केला. शाल दत्तूनं घातली. वक्ते म्हणाले, सरांच्या शब्दाला तालुक्यात किंमत आहे. खरंच होती. दोन एकर. मी मान खाली घालून बसलो होतो, आणि लोकांना तो विनय वाटला.

दत्तू गेला. जमीन त्याच्या मुलांच्या नावावर आहे, यंदा तिथं सोयाबीन आहे. सुमन वाशीला शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवते आणि अजून त्याच पडवीत राहते. इथून वाशीला एसटीनं जेमतेम तास लागतो. मी अजून गेलेलो नाही. हे सगळं मी तुम्हाला सांगितलंय, तिला नाही.