आंब्यांच्या रांगेतला ताणा

गंगापूरच्या वाटेवर, गोदावरीच्या काठी एका सरदार घराण्याची कोठी होती, उन्हाळ्यात हवा खायला बांधलेली. माझ्या लहानपणी, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत, तिचं वैभव ओसरलेलं होतं. कारंजं कोरडं, हत्तीखान्यात कडबा, नगारखान्यात पारवे. पागा मात्र धड होती आणि त्या पागेत आम्ही राहत होतो. घोड्यांच्या जागी माणसं राहतात म्हणून लोक हसत. हसू देत बापडे. एवढं उंच छप्पर आणि एवढ्या जाड भिंती नाशकात किती जणांच्या नशिबी होत्या? आमचे माग तिथे ऐसपैस बसले होते.

आम्ही मोमीन, मालेगावहून आलेले विणकर. अब्बांना ही जागा आवडली ती पागेपेक्षा आंब्यांमुळे. फाटकापासून कोठीच्या पायऱ्यांपर्यंत दुतर्फा आंबे होते, सरदारांच्या बग्गीवर सावली धरायला लावलेले. माग कुठेही मांडता येतो, पण ताणा पसरायला लांब, सरळ, सावलीची जागा लागते. उभं सूत काठ्यांवर ताणायचं, ज्वारीच्या पिठाची खळ लावायची, कुंच्याने विंचरायचं आणि ताणलेलंच वाळू द्यायचं. ओलं गुंडाळलं तर सगळं चिकटून त्याचा दोर होतो. तर बग्गीचा तो रस्ता आता आमच्या ताण्याचा झाला होता.

कोठीत बाईसाहेब एकट्याच राहत, सरदारांच्या विधवा सूनबाई. बाकी घराणं बडोद्याला. बाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. पडलेली कैरी उचलली तरी खिडकीतून आवाज यायचा आणि आमची पाचावर धारण बसायची. सोवळं इतकं कडक की आम्ही पोरं व्हरांड्याच्या पायरीलासुद्धा शिवत नसू.

एका वर्षी अब्बा विषमज्वरातून कसेबसे उठले. तोवर माग बंद पडलेले. गावातल्या एका व्यापाऱ्याने विश्वासावर सूत दिलं. हा ताणा नीट उतरला तर आपण इथेच राहू, बिघडला तर माग विकून मालेगावला चुलत्यांकडे मजुरीला जायचं, असं अम्माने आम्हाला सांगून ठेवलं होतं. सकाळी ताणा पसरला, खळ लावून झाली, आणि दुपारी त्र्यंबकच्या बाजूने आभाळ भरून आलं. होळीच्या दिवसांत! कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पहिली गार कोरड्या कारंज्यात टणकन पडली.

अब्बा काठीला धरून नुसतेच उभे राहिले. तेवढ्यात खिडकीतून तोच आवाज आला.

"बघत काय राहिलात? दिवाणखान्यात आणा!"

मोठं दार सताड उघडलं. आम्ही घरचे सगळे आणि बाईसाहेबांचा गडी, एकेक काठी धरून, ताणा ताठ ठेवत पायऱ्या चढलो. पुढचं टोक अब्बांच्या हातात होतं. ते चालत चालत समोरच्या भिंतीपाशी पोचले आणि थांबले. मागचं टोक अजून बाहेर, गारांत. एवढा सरदारांचा दिवाणखाना, पण आमच्या सुताला तो अपुरा पडला. समोरच्या भिंतीत एकच दार होतं आणि आत समई तेवत होती.

"बाईसाहेब, पुढं तुमचं देवघर हाय," अब्बा म्हणाले. "आत नाय येणार आम्ही. मागचं भिजलं तर भिजू दे."

बाईसाहेब आत गेल्या. देव्हाऱ्यातले टाक, बाळकृष्ण, एकेक देव उचलून त्यांनी पदरात घेतला, गड्याकडून समई हलवली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"आता ते देवघर नाही, खोली आहे. चला, घ्या ओढून."

ताणा आत आला आणि दार लागलं. सूत वाळेपर्यंत बाई तशाच बसून होत्या, देव मांडीवर घेऊन. पाणी प्यायलाही हात मोकळा नव्हता. तोंड मात्र मोकळं होतं. "अरे, कुंचा फिरवा, चिकटेल ते!" असं त्यांनी आमच्या अब्बांनासुद्धा दटावलं.

आम्ही मालेगावला गेलो नाही. आज कोठी पडली आहे. काही आंबे आहेत, पागा आहे, आणि बघायला येणारे मला विचारतात की हे कोणी बांधलं. मला काय ठाऊक? ज्याने ते आंबे लावले त्याचे माझ्या घरावर उपकार आहेत, आणि त्या खाष्ट बाईचे तर या जन्मी फिटायचे नाहीत.

त्या संध्याकाळी अब्बांनी सूत गुंडाळलं. एकही तार चिकटली नव्हती. बाईसाहेब उठायला गेल्या तर पाय आखडलेले. त्यांनी अम्माकडे पाहिलं.

"हे धर आधी, मग मला हात दे."

अम्मा घुटमळली.

"अगं, धर की!"

अम्माने पदर पसरला आणि बाईसाहेबांनी एकेक देव त्यात ठेवला.