बारा शिंपल्यांचे तीन वाटे

रुक्मिणी वेसाव्याची कोळीण. वीस वर्षं सासूच्या, म्हणजे सोनूबाईच्या, मांडीला मांडी लावून मासळीबाजारात बसली. टोपली वाहून मान गेली तेव्हा बाजार सुटला, आणि जवळच्या शाळेत ती पोरांना खिचडी वाढायला लागली. यंदा शाळेला तिसरीच्या गणितासाठी मदतनीस बायका हव्या होत्या. त्यांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं एका पोराला शिकवून दाखवायचं. जमलं तर वर्ग, नाहीतर परत खिचडीचा डाव हातात. रुक्मिणीला वर्ग हवा होता. तिची स्वतःची शाळा तिसरीतच सुटली होती, भागाकार यायच्या आत.

पहिल्याच दिवशी घोळ. शिकवायला आलेल्या नमिता मॅडम मुलुंडच्या, वयानं रुक्मिणीच्या पोरीएवढ्या. त्यांनी एकेकीपुढे बारा शिंपले ओतले.

"तीन मुलांसाठी तीन सारखे ढीग करा."

बाकीच्या मोजत बसल्या. रुक्मिणीचा हात सवयीनं फिरला नि झालं पण. एकात तीन मोठे, दुसऱ्यात चार मधले, तिसऱ्यात पाच बारके.

"हे सारखे नाहीत, ताई."

"कसं नाय? कुठलाबी वाटा उचला. गिऱ्हाईक भांडनार नाय."

"मोजा ना. तीन, चार, पाच."

"अगो बाय, मोठ्या बांगड्यासमोर बारका बांगडा एकास एक लावला, तर माज्या टोपलीवर कोन येनार?"

शेजारची मालवणी द्रौपदी खिदळली, "गो बाये, ह्यो बाजार न्हय, शाळा आसा!"

मॅडम हसल्या नाहीत. "गणितात शिंपला लहान असो की मोठा, तो एकच."

हे रुक्मिणीच्या डोक्यात काही केल्या बसेना. घरी सोनूबाईला विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "तुज्या मॅडमला बाजारात बशीव. दुपारपत्तुर शानी होईल."

दुसऱ्या दिवशी आणखी एक गुंता. पोराला उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं, तू हे कसं केलंस?

"म्हंजे पोर बुडताय," रुक्मिणी द्रौपदीच्या कानाशी लागली, "नि आपन किनाऱ्यावरशी इचारायचा, का रं, कसा बुडलास?"

शेवटच्या दिवशी तिच्यापुढे दिशा बसली. तिसरीतली, कोळीवाड्यातलीच, आजी बाजारात बसणारी. मॅडम कोपऱ्यात वही घेऊन. रुक्मिणीनं बारा शिंपले ओतले नि तीन पोरींसाठी तीन सारखे ढीग करायला सांगितले. दिशाचा हात झर्रकन फिरला. तीन मोठे, चार मधले, पाच बारके.

थेट रुक्मिणीचेच पहिल्या दिवसाचे वाटे. चूक म्हणवेना, बरोबर म्हणायची चोरी. उत्तर सांगायचं नाही हा नियम तिला पहिल्यांदाच गोड लागला.

"कसं केलंस गो?"

"हिला बारके आलेत ना, म्हणून हिला जास्त."

"मोज बघू."

"तीन, चार, पाच." दिशाचं तोंड उतरलं. "चुकलं?"

रुक्मिणीनं मॅडमकडे बघितलं. मॅडम वहीत. मग ती उठली, फळ्यापाशी खडूचा नवा डबा होता, त्यातले बारा खडू घेऊन आली.

"यात कोन मोठा, कोन बारका?"

"सगळे एकसारखेच."

"मंग यांचं कर."

दिशानं एकेक खडू ठेवत ढीग केले. चार, चार, चार. मग तिनं शिंपल्यांकडे बोट केलं. "पण मग त्यांचं चूक की बरोबर?"

रुक्मिणीनं शिंपल्यांकडे बघितलं, खडूंकडे बघितलं.

"मना बी नाय समाजला, बाय."

मॅडमचं पेन थांबलं. आता गेलाच वर्ग, असं रुक्मिणी धरून चालली. मॅडमनी एक मोठा शिंपला उचलला, एक बारका उचलला, दोन्ही तळहातावर ठेवून बघत बसल्या.

"सोमवारी तिसरीत या," त्या म्हणाल्या. "शिंपले मी घरी नेते."

संध्याकाळी सोनूबाईनं दारातच विचारलं, "मिलाला वर्ग?"

"मिलाला."

"मंग तोंड असा का?"

"मिलाला गो आये. पन शिंपल्यांसाठी का खडूंसाठी, ता काय मना कलला नाय."