सामंतकाकांच्या नावावरची गोळी

नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. नागपूरच्या बहिणीशी रोज बोलते, तिलाही नाही. ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का? खरं सांगू — मलाच ठाऊक नाही. दमले आहे. झोप काढून जात नाही, तसलं दमणं. एवढंच म्हणता येईल.

सुरुवात रिव्हॉल्व्हरपासून करते. ते सोपं आहे.

मी कॅनडात मिल्टनला राहते, मिसिसागाच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि शनिवारी सकाळी नेमबाजी करते. खेळ म्हणून. हॅमिल्टनच्या बाहेर गोदामासारखी एक बुटकी इमारत आहे, तिथे आमचा क्लब. माझं रिव्हॉल्व्हर पॉइंट फॉर्टीफोर मॅग्नम, म्हणजे मोठ्या गोळीचं, लांब नळीचं. आपल्या लोकांच्या पॉटलक जेवणात हा विषय निघाला की नवरा म्हणतो, "हिच्याशी जरा जपून बोला," आणि सगळे हसतात. मुलगी हसत नाही. ती शनिवारी वर न बघता म्हणते, "मॉम, यू आर गोइंग अगेन?" हो, अगेन. कसं समजावू? आठवडाभर माझ्या डोक्यात दहा गोष्टी एकदम चालू असतात. तिथे एकच असते. श्वास, बोट, आणि मग तो तळहातापासून खांद्यापर्यंत चढणारा धक्का. त्यानंतर क्षणभर आत काहीच नसतं. ती शांतता मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

हे रिव्हॉल्व्हर डबल-अ‍ॅक्शन आहे. म्हणजे गोळी दोन तऱ्हांनी सुटते. ट्रिगर जोर लावून लांबवर ओढायचा — तोच मागचा हॅमर, म्हणजे गोळीवर आपटणारा दांडा, उचलतो आणि सोडतो. नाहीतर हॅमर आधीच अंगठ्यानं मागे ओढून ठेवायचा. मग ट्रिगर इतका हलका होतो की बोट टेकलं तरी पुरे. हॅमर मागे असताना विचार बदलला, तर तो अंगठ्यानं घट्ट धरून, ट्रिगर दाबून हळूच खाली न्यावा लागतो. नळी समोर, टार्गेटकडे ठेवून. नेहमी समोर. हे मला सामंतकाकांनी शिकवलं.

सामंतकाका मूळचे कुडाळचे. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. काकू गेल्यावर माउंटनवरच्या, म्हणजे शहराच्या उंचावरच्या भागातल्या घरात एकटेच. मुलगा कॅलगरीला. क्लबमध्ये माझ्या पहिल्याच दिवशी शेजारच्या लेनमधून "आयचो घो!" असं ऐकू आलं आणि मी कानांवरचे मफ काढून वळून बघितलं. त्यांची गोळी चुकली होती. मी मराठी आहे हे कळल्यावर ते एवढे खूश झाले, की नेमबाजी राहिली बाजूला आणि आम्ही पार्किंग लॉटमध्ये उभे राहून उकडीच्या तांदळावर बोलत बसलो, थंडीनं कान बधिर होईपर्यंत.

मला ते चेडू म्हणायचे. मुलगी. "चेडवा, घाई कित्याक? श्वास सोड आधी." त्यांच्याकडेही फॉर्टीफोर होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जुनं, लाकडी मुठीचं. दर शनिवारी शेजारशेजारच्या लेन, नंतर कॉफी. बर्फ पडला की मी आधी त्यांचा ड्राइव्ह-वे शोव्हल करायची, मग आम्ही निघायचो. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

त्यांचा हात थरथरायला लागला होता, हेही सांगते. कॉफीचा कप उचलताना दिसायचं. रिव्हॉल्व्हर धरल्यावर मात्र नाही — दोन्ही हातांची पकड बसली की थरथर थांबायची. एकदा त्यांनी विचारलं, "तुका दिसता काय गो?" मी म्हटलं, छे, कुठे काय. ते खोटं मायेचं होतं. निदान ते तरी.

तर तो शनिवार.

क्लबमध्ये ब्रायन नावाचा नवा रेंज ऑफिसर आला होता. रेंजवरची शिस्त आणि सुरक्षा त्याच्याकडे. सकाळी माझ्या हातातली केस बघून तो सहज म्हणाला, "दॅट्स अ लॉट ऑफ गन फॉर यू." हसत म्हणाला. मीही हसले. आणि मग तासभर तेच डोक्यात. म्हणून मी घाई केली का? म्हणून नेम बिघडत होता का? असेल. पण अंगठा ब्रायनचा नव्हता.

हॅमर मागे ओढलेला. तेवढ्यात मागे काचेपलीकडे ब्रायन माझ्याकडेच बघत असल्यासारखं वाटलं. म्हटलं, नको, परत नीट उभी राहू. हॅमर खाली न्यायला लागले — आणि नळी वर. का वर? इतक्या वेळा शिकवलेलं, घोकलेलं, आणि नळी वर. घामानं अंगठा सटकला.

त्याच क्षणी शेजारी काकांनीही ट्रिगर ओढला होता. दोन आवाज एकमेकांत मिसळले. माझी गोळी छतात गेली. आमच्या दोन्ही लेनच्या मधला दिवा फुटला आणि काचा काकांच्या अंगावर पडल्या. इंचभर इकडेतिकडे झालं असतं तर — नको. तो विचार मी रोज करते, तुमच्यासमोर नको.

"सीझ फायर!" सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. ब्रायन आत आला, वर बघितलं, आमच्या दोघांकडे बघितलं. कुणाची, त्यानं विचारलं.

काका स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. केसांत काचेचा चुरा तसाच. हात थरथरत होता — कुणाचाही थरथरला असता त्या वेळी. पण ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. मग इंग्रजीत हळू म्हणाले, बहुतेक माझीच. आणि माझ्याकडे वळून, "माका कळलाच नाय गो."

मी गप्प राहिले.

इतकंच झालं असतं तर कदाचित मी ते पचवलं असतं. घाबरले, वाचा बसली, असं स्वतःला सांगत राहिले असते. पण ब्रायननं मलाही विचारलं. त्याचं कामच होतं ते. "अँड यू?" आणि मी बोलले. स्वच्छ, न अडखळता. म्हणाले — मी तर अजून नेमच धरत होते. मी गोळी झाडलीच नाही.

त्यानं माझ्या रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं सिलिंडर उघडून बघितलं नाही. कशाला बघेल? समोर एक म्हातारा माणूस कबूल करत होता.

आणि काकांनी — हे सांगायला फार जड जातंय — काकांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, तुला कुठे लागलं नाही ना?

क्लबनं त्यांना काढलं नाही. पुन्हा सेफ्टी कोर्स करा, म्हणाले, आणि या. काका गेले नाहीत. मी फोनवर म्हणायची, काका, चला ना, होतं असं कधीकधी. ऐकता ना? होतं असं कधीकधी! मीच त्यांना माफ करत होते.

महिन्याभरात त्यांनी पोलिसांना बोलावून रिव्हॉल्व्हर देऊन टाकलं. इथे आता हँडगनची खरेदी-विक्री बंद आहे. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, एकदा गेलं की कायमचं गेलं. त्यांना सोबत हवी म्हणून मी त्या दिवशी सुट्टी काढली. त्यांच्याच सोफ्यावर बसले होते. तरुण पोलीस आला, बूट काढून आत आला, नम्र होता. काकांनी लाकडी मूठ रुमालानं पुसली आणि केस त्याच्याकडे दिली. तेव्हाही बोलता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. मी पोलिसाला चहा हवा का, ते विचारलं.

पुढे त्यांनी गाडी सोडली. म्हणाले, ज्या हाताला ट्रिगर ओढलेला कळत नाही, त्या हातात स्टिअरिंग कशाला? डॉक्टरनं सांगितलं होतं, ही वयाची साधी थरथर आहे, गाडी चालवायला काहीच हरकत नाही. काका म्हणाले, "डॉक्टर खंय होतो त्या दिवशी?" गाडी गेल्यावर ग्रोसरी मी आणायला लागले. सगळे म्हणायचे, किती करते ही त्यांच्यासाठी. मुलगा फोनवर माझे आभार मानायचा. मी ते आभार घ्यायची.

मग घर विकलं आणि मुलगा त्यांना कॅलगरीला घेऊन गेला. बेसमेंटमध्ये चांगली खोली आहे, म्हणतात.

मी अजून क्लबला जाते. हो, जाते. ब्रायन आता मला मान देतो. गेल्या उन्हाळ्यात क्लबच्या मॅचमध्ये मी पहिली आले. काकांना कळवलं, तर केवढे खूश झाले. "तुझो हात थिर आसा, चेडवा. जप त्याका."

मागच्या महिन्यात त्यांना नात झाली. रविवारी व्हिडिओ कॉल आला. सून बाळाला घेऊन त्यांच्या शेजारी बसली होती आणि म्हणत होती, बाबा, घ्या ना, एकदा तरी मांडीवर घ्या, मी धरते खालून. काका मान हलवत राहिले. दोन्ही हात त्यांनी शालीखाली घातले होते आणि ते बाहेर काढत नव्हते. सुनेनं माझ्याकडे बघून हसत तक्रार केली — बघा ना ताई, जन्मल्यापासून एकदाही घेतलं नाही तिला, तुम्ही तरी सांगा, तुमचं ऐकतील.

काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "नको गो. तुका म्हायत आसा ना. तू होतंस थंय."

मी होते तिथे.

मी म्हणाले, "गोड आहे हो नात." आणखी थोडं बोललो, हवेबद्दल, बाळाच्या नावाबद्दल. मग मुलीला स्विमिंगला सोडायचं आहे असं सांगून मी फोन ठेवला.