शिडी धरणारा माणूस

दिवा पेटला की चाचा आधी त्याच्यासमोर स्वतःचा पंजा धरायचे आणि भिंतीवर पडलेली बोटं निरखायचे. "उजेड कुनालापन दिसतो, ताई. सावली बघा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातातलं काम छोटं, पण त्यात मन मोठं. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, आमच्या कंपनीचे इलेक्ट्रिशियन. इथे आखातात, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं काढलेली. मी जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात कोऑर्डिनेटर. इतरांशी त्यांचं हिंदी चालायचं, माझ्याशी मराठी.

त्या वर्षी एका धनिकाच्या खाजगी गॅलरीत दिवे बसवायचं काम आलं. मुख्य चित्र दरवाजाएवढं, इटलीतलं, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं. मेलेल्या येशूला क्रुसावरून उतरवताहेत. सगळा उजेड त्याच्या पांढऱ्या अंगावर आणि खाली उभ्या आईच्या चेहऱ्यावर. बाकी काळोख.

"आमच्यात ही गोष्ट वेगळी सांगतात," चाचा म्हणाले. "पन आई ती आईच."

परदेशी डिझायनरनं दिव्याची जागा ड्रॉइंगवर आखून दिली होती. तिथून दिवा लावला की वार्निश चमकायचं आणि डावा कोपरा नुसता चकचकीत दिसायचा. चाचा दोनदा उतरले, दोनदा चढले. मग कुणाला न विचारता त्यांनी दिवा दोन फूट उजवीकडे सरकवला आणि थोडा झुकवला.

"थांबा ताई. इथं कुनीतरी हाय."

काळोखातून आधी खांदा आला, मग दोन घट्ट मुठी, मग वर पाहणारा अर्धा चेहरा. शिडी धरून उभा असलेला माणूस. चाचा कितीतरी वेळ बघत राहिले. "चित्रवाला कधीतरी शिडीखाली उभा राहिलेला असनार. नायतर मान अशी काढताच येनार नाय."

दुसऱ्या दिवशी डिझायनर आला आणि भडकला. ड्रॉइंगप्रमाणे का नाही? तेवढ्यात गॅलरीचे मालक आत आले. चित्रापुढे थांबले. कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "इतकी वर्षं हे चित्र माझ्याकडे आहे. हा माणूस मला कधी दिसलाच नव्हता."

डिझायनर हसला. "आमचा हेतू तोच होता, सर."

चाचा बाजूला वायर गुंडाळत होते. एवढं इंग्रजी त्यांना ऐकून समजत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये पाहिलं.

उद्घाटनाच्या यादीत माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. नंतर भेटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "लोक थांबतात का तिथं?"

"थांबतात, चाचा."

ते लहान मुलासारखे हसले.

आठवड्यानं डिझायनरची मेल आली : हा कामगार मनानं बदल करतो, पुन्हा पाठवू नका. मॅनेजर म्हणाला, "वॉर्निंग लेटर बना दो, खलास." मी बनवलं. 'सूचना पाळत नाही' हे इंग्रजी वाक्य माझं. कुणी सांगितलेलं नव्हतं, मलाच सुचलं. दोन महिन्यांनी त्यांचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली तेव्हा मॅनेजरनं त्यांची फाइल उघडली, ते लेटर पाहिलं आणि नकार दिला.

चाचा नोकरी संपल्याच्या कागदावर सहीसाठी ऑफिसात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. कागदावर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. त्यांनी अरबीखाली बोट ठेवलं आणि संथ, सुरेल आवाजात सगळा मजकूर वाचला. रिसेप्शनवरची मुलगी मान वर करून ऐकत राहिली.

"लहानपनी मदरशात शिकलो. वाचता येतं, मतलब नाय कळत," ते म्हणाले. "काय लिवलंय, ताई?"

डावीकडे तिसऱ्या ओळीत माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं.

"नेहमीचंच आहे, चाचा. व्हिसा संपला, एवढंच."

मी दाखवलेल्या जागी त्यांनी सही केली. शाई वाळावी म्हणून वर हलकी फुंकर मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तुमी होतात म्हनून बरं झालं. दुसऱ्या कुनी फसवलं असतं."