देवळासमोरचं पातेलं आणि माझी बोली

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा! पण मी काही चुकलो बिकलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मला जुन्या भांड्यांचा नाद. भंगारवाल्याची गाडी असो नाहीतर जत्रा, पितळ दिसलं की माझा पाय निघत नाही. पुण्याजवळ भुकूमला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घंगाळात चपला आणि बंबावर टीव्ही! शेवटी माधुरीनं, म्हणजे बायकोनं, दम भरला.

"यापुढे जे भांडं आणाल, त्यात आधी स्वतः स्वयंपाक करून दाखवायचा. नाहीतर सगळं मोडीत!"

मोडीत? माझं पितळ? दुसऱ्याच दिवशी मुद्दाम मोठी पिशवी घेऊन शेजारच्या गावच्या जत्रेला गेलो.

एकानं मला 'शिवकाळातला' दिवा दाखवला. उलटा केला, तर खाली कंपनीचा शिक्का! मी काय दूधखुळा आहे? पुढे गेलो, तर देवळासमोर पातेलं! दोन माणसं आत बसतील एवढं. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली जुनी नावं. टिचकी मारली, तर काय तो आवाज!

शेजारी उभे राहून गावचे नाना पुकारत होते, "बोला, पातेल्याची बोली! अकराशे झाले!"

"एकवीसशे!" मी ओरडलो.

सगळी जत्रा माझ्याकडे वळली. नानांनी विचारलं, "पाव्हनं, झेपंल न्हवं?"

"न झेपायला काय झालं? टेम्पो करीन!"

"टेम्पो तर लागंलच की. आन् मानसं?"

"चार पुरेत."

"चौघांत न्हाई व्हायचं," नाना म्हणाले, पण खूश दिसले.

पुढे कुणी बोलीच लावेना. या लोकांना किंमतच कळत नाही, म्हणून मला आतून गुदगुल्या! मग फेटा, गुलाल, नारळ, वाजंत्री. एका भांड्यासाठी एवढं कौतुक? पुण्यात साधी पिशवी फुकट देत नाहीत हो!

मी पातेल्याला हात घातला, तसे नाना धावत आले.

"आं? कुटं नेताय? पातेलं देवाचं हाय. बोली मानाची असतीया. फुडल्या साली भंडाऱ्याची आमटी तुमी करायची ह्याच्यात. अख्ख्या गावाची!"

आता मागे हटायचं? डोक्यावर फेटा असताना? छट्!

गुलाल माखून घरी आलो. ऐकून माधुरी सोफ्यावर आडवी होऊन हसली. मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, स्वयंपाक करून दाखवा? दाखवतो!"

आणि वर्षानं दाखवला. धुरानं डोळे लाल, दंडाएवढ्या डावानं ढवळून हात गेले. आमटी खारट झाली हे खरं, पण जरा! लोक उगाच तांबेच्या तांबे पाणी पीत होते.

वर पातेलं घासायचा मानही माझाच. चिंच लावून घासत बसलो, तर शहरातला एकजण आला. "मामा, हे विकायचंय का?"

"बोली आहे, थांबा," मी म्हटलं. देवच पावला! माझी सुटका!

बोली सुरू झाली. "पंचवीसशे!" तो ओरडला. माझी आमटी बघायला आलेल्या माधुरीनं सुटकेचा निःश्वास सोडला. आणि तो मेला पातेल्याला टिचकी मारायला लागला. माझ्या पातेल्याला!

"तीन हजार!" मी गरजलो.

माधुरीनं कपाळावर हात मारला. नाना मात्र फेटा घेऊन पुढे आले.

"घ्या, पाव्हनं, मान तुमचाच. पन फुडल्या साली मीठ आमी टाकनार."